थोरल्यानं धाडलेली कॉफी

बायांनो, मंडळाच्या भिंतीवर हा कागद लावतेय. वाचा आणि सांगा.

माझा थोरला दोन वर्षं झाली, मॉरिशस बेटावर कॉफीच्या मळ्यात कारकून हाय. आज सकाळी त्याच्यासोबतचा एक हातकणंगल्याचा पावणा तिथल्या कच्च्या कॉफीबिया घेऊन आला. चिठ्ठी न्हाय.

मला धीर कुठला? चटणीच्या मिरच्या भाजलेल्या कढईतच बिया भाजल्या, कुटल्या, दूध-गूळ घालून उकळल्या आणि कप पुढं ठेवला. पावण्यानं घोट घेतला आणि त्याच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं. 

मी घाबरून विचारलं, "काय झालं माझ्या पोराला? बोला की, पावणं."

"पोरगं बरं हाय, मावशी," तो खोकत म्हणाला. "कॉफी तिखट हाय."

जिवात जीव आला. "मग घरी कवा येतो म्हणाला?"

पावण्यानं माझ्याकडं बघितलं न्हाय. उरलेली सगळी कॉफी प्याला आणि आणखी मागितली.

तवापासनं मी घरात नुसत्या येरझाऱ्या घालतेय. उत्तर द्यायला लागू नये म्हणून माणूस असली कॉफी पितो, तर मी काय समजायचं?