पालथे सर आणि माझी एकोणीस नावं

पालथे सरांच्या वर्गात उत्तर सांगताना कोणाचा कागद सरळ दिसला, की सर बोलणं थांबवून खिडकीबाहेर बघत उभे राहायचे. रागावत नसत. पोरानं कागद बाकावर पालथा घातला, की मधे काही झालंच नाही अशा थाटात वळायचे आणि विचारायचे, "हं, बोल. काय झालं त्या माणसाचं?" इंग्रजी उतारा दोनदा वाचायचा, कागद पालथा घालायचा आणि घरच्या बोलीत तो दुसऱ्याला सांगायचा, एवढीच त्यांची शिकवायची रीत. त्यावरून लातूरच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात सगळे त्यांना पालथे सर म्हणत. खरं आडनाव पगारपत्रकापुरतं होतं. सर गेल्या वर्षी वारले. त्यांच्याविषयी लिहायचं तर मला स्वतःविषयीही लिहावं लागतं, आणि तेच मी इतकी वर्षं टाळलं.

मी तिथं इंग्रजी शिकवायला लागलो तेव्हा पंचविशीत होतो. नुकताच भूकंप होऊन गेला होता. एकीकडे गावंच्या गावं पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती आणि दुसरीकडे लातूर शहरात क्लासेसचं पेव फुटलं होतं. मी सकाळी महाविद्यालयात आणि दुपारी संस्थेच्याच क्लासमध्ये शिकवायचो. माझी एक युक्ती फार गाजलेली होती. प्रश्नातला मोठा शब्द धरायचा, उताऱ्यात तोच शब्द हुडकायचा आणि तो असलेलं अख्खं वाक्य उत्तर म्हणून उतरवायचं. उतारा वाचायची गरज नाही. पोरं टाळ्या वाजवायची. खोटं कशाला सांगू, गुणही मिळायचे.

सरांच्या कानावर हे गेलंच. एकदा स्टाफरूममध्ये बशीतून चहा पीत म्हणाले, "मास्तर, तुम्ही पोरांला हरभऱ्यात घाटा हुडकायला शिकवून राहिले. घाटा सापडतो हो. पण शेतात काय पेरलंय ते पोराला ठाऊकच न्हाई." सगळे हसले. मीही हसलो, पण मनात राग धरला. ते माझ्यापेक्षा वयानं तीस वर्षांनी मोठे आणि मला 'मास्तर' म्हणायचे. त्यात थट्टा किती आणि मान किती, हे मला कधीच कळलं नाही.

सरांना पाठ्यपुस्तकातले उतारे पुरत नसत. खताच्या पोत्यावरचा मजकूर, औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी, काहीही चालायचं. भूकंपाच्या मदतीत परदेशातून आलेल्या सामानाबरोबर इंग्रजी कागद यायचे आणि ते गावात कोणी वाचत नसे. त्या जूनमध्ये भूकंपाच्या गावांतली बरीच पोरं अकरावीला आमच्याकडे आली होती, वसतिगृहात राहत होती. त्यांतल्या एकाकडून सरांनी एक न उघडलेला तंबू मागवला. तंबू कसा उभारायचा याचा इंग्रजी कागद वर्गात दोनदा वाचून घेतला, पालथा घातला, आणि सगळी वरात मैदानात नेली. पोरांनी तंबू उभा केला. सर कौतुकानं आत गेले आणि तंबू सरांवर बसला. आतून आवाज आला, "दोर आधी का खुंटी आधी?" बाहेर पोरं दोर चाचपायला लागली. मग एक पोरगा म्हणाला, "खुंटी आधी होती सर. आमी दोर आधी वढला." कापडाखालून बाहेर येत, केस झाडत सर म्हणाले, "आता आयुष्यात इसरणार न्हाईस. आधीचं अन् नंतरचं कळलं न्हाई की तंबू डोक्यावर पडतो." दुसऱ्या खेपेला तंबू असा ताठ उभा राहिला की तो दोन दिवस मैदानातून कोणी काढला नाही.

आता माझ्याकडे येतो.

आमच्या संस्थेच्या सचिवांना, आम्ही त्यांना साहेब म्हणायचो, बारावीचा निकाल शंभर टक्के हवा होता. त्यासाठी तेव्हा सगळीकडे चालायचा तोच मार्ग होता. कच्च्या पोरांना अकरावीनंतर काढायचं आणि त्यांच्याकडून सतरा नंबरचा फॉर्म भरून घ्यायचा. म्हणजे ती बारावीला बाहेरून बसणार. नापास झाली तरी महाविद्यालयाच्या निकालाला डाग लागणार नाही. पोराच्या हातून मात्र वर्ग जातो, वसतिगृह जातं, आणि भूकंपाच्या गावांतल्या पोरांना तर परत जायला धड घरही नव्हतं. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "इंग्रजीत लटकणारी नावं काढून द्या." अकरावीचा पेपर मीच काढला होता, मीच तपासला होता. मी एकोणीस नावं काढून दिली. अक्षर माझं चांगलं होतं. यादी सुबक झाली.

त्या एकोणिसात एक मंगल होती. भूकंपात तिचा धाकटा भाऊ गेला होता, हे मला नंतर कळलं. माझ्या पेपरात एका म्हाताऱ्याचा उतारा होता. म्हातारा रोज दारात बसून असतो, पोस्टमन येतो आणि जातो, घरात खुंटीवर एक टोपी लटकलेली आहे. प्रश्न होता, म्हातारा कोणाची वाट पाहत होता? उताऱ्यात 'तो रोज पोस्टमनची वाट पाहायचा' असं वाक्य होतं आणि माझ्या उत्तरसूचीत तेच उत्तर होतं. मंगलनं मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं, 'मुलाची. टोपी अजून खुंटीवर आहे.' इतर उत्तरंही तिनं अशीच स्वतःच्या शब्दांत, व्याकरणाची मोडतोड करत लिहिली होती.

माझा पेन तिथं थांबला होता. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. मला कळलं होतं की पोरीचं बरोबर आहे. तरी मी लाल रेघ मारली, कारण तिचं बरोबर ठरवलं तर ज्या शंभरेक पोरांनी पोस्टमन लिहिला, त्यांचं काय? आणि मग माझं काय?

यादीची कुणकुण लागताच सरांनी माझ्याकडून ते एकोणीस पेपर मागून घेतले आणि स्टाफरूममध्ये बसून सगळे वाचले. मग मंगलला बोलावलं. मी समोरच होतो.

"पोस्टमन का न्हाई लिहिलं गं? उताऱ्यात तर सरळ दिलंय."

मंगल घाबरत म्हणाली, "पोस्टमन तर रोजच येत व्हता की सर. रोज येणाऱ्याची वाट कोण बघतंय?"

"अन् पोराचं नाव इंग्रजीत कुठं लिहिलंय?"

"कुठंच न्हाई."

"मग तुला कसं कळलं?"

"टोपी काढून ठिवली न्हाई ना कुणी."

सरांनी तिला जायला सांगितलं. मला वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार. त्यांनी पेपरांचा गठ्ठा माझ्यापुढं ठेवला आणि साहेबांच्या खोलीकडे चालू लागले. मी मागोमाग गेलो. मला वाटत होतं आपण त्यांना अडवायला चाललो आहोत. खरं म्हणजे ते माझं नाव घेतात का, हे ऐकायला गेलो होतो.

त्यांनी घेतलं नाही. एवढंच म्हणाले, "साहेब, ही एकोणीस पोरं इथंच राहतील. बारावीची इंग्रजी मी घेतो त्यांची. एक जरी इंग्रजीत नापास झालं, तर मी नोकरी सोडतो."

"लेखी द्या," साहेब म्हणाले.

सरांनी तिथंच, उभ्या उभ्या, राजीनामा लिहून दिला. तारीख कोरी. साहेबांनी तो ड्रॉवरमध्ये ठेवला. निवृत्तीला सरांची तीन वर्षं उरली होती.

वर्षभर प्रयोगशाळेमागच्या लिंबाखाली तो वर्ग भरायचा. मी क्लासला जाताना तिथूनच जायचो. सर फळ्याशिवाय शिकवायचे. एकजण उतारा सांगायचा आणि बाकी अठरा त्याला अडवायचे. "आरं, ती बाई रडली न्हाई, फकस्त गप बसली." "गप का बसली मग?" भांडणं व्हायची. एकदा तर दोघं उताऱ्यातल्या एका इंग्रज सावकारावरून हमरीतुमरीवर आले आणि सर मधे मांडी घालून शेंगा खात ऐकत होते. मी थांबलो तर म्हणाले, "जा मास्तर, तुमच्या क्लासला उशीर होऊन राहिला." मग शेंगांची मूठ पुढं केली. मी घेतली नाही. आत जाऊन माझ्या पोरांना तीच युक्ती शिकवली.

बोर्डाच्या पेपरात त्या वर्षी जो उतारा आला, त्यातले निम्मे प्रश्न असे होते की उत्तर कुठल्याच एका वाक्यात नव्हतं. माझी पोरं परीक्षेहून आली ती रडवेली. लिंबाखालची पोरं आली ती भांडत. "ती म्हातारी खोटं बोलत व्हती." "न्हाई, तिला खरंच ठाऊक नव्हतं."

निकालाच्या दिवशी साहेब गुणपत्रिकांच्या गठ्ठ्यापुढं लाल पेन्सिल घेऊन बसले होते. एकोणीस नावं त्यांनी एकेक करून काढली. लाल पेन्सिल कुठंच टेकली नाही. सगळी पास. इंग्रजीत महाविद्यालयात पहिली मंगल, माझ्या क्लासच्या हुकमी पोरांना मागं टाकून. बाहेर पोरांनी सरांना खांद्यावर घेतलं. सरांची एक चप्पल मैदानात पडली आणि ते वरूनच ओरडत होते, "आरं चप्पल, चप्पल!" मग खाली उतरून, एका पायात चप्पल घालून तसेच साहेबांसमोर गेले आणि राजीनाम्याचा कागद परत मागितला. घडी उलगडून पाहिली. मागची बाजू कोरी होती. "बरं झालं," म्हणाले, "पुढच्या वर्षीच्या उताऱ्याला कागद झाला."

पंधरा दिवसांत संस्थेचं जाहिरातीचं पत्रक निघालं. त्यात मंगलसकट त्या पोरांचे फोटो होते आणि वर मोठा फोटो माझा. 'इंग्रजीचे जादूगार.' साहेब म्हणाले, "क्लास तुमच्या नावावर चालतो. म्हाताऱ्याचा फोटो बघून कोण येणार?" मी म्हणू शकलो असतो, हे माझं नाही. मी म्हणालो, "जसं तुम्ही म्हणाल." ते पत्रक घेऊन मी पुढं नांदेडला स्वतःचा क्लास काढला. ते चौकटीत घालून कचेरीत लावलं. तिथं शिकवायला लागलो ती रीत मात्र सरांची. युक्ती त्या पेपरातच मेली होती. कागद पालथा घालायला लावायचो आणि पालकांना सांगायचो, ही आमची खास पद्धत.

पंचवीसहून जास्त वर्षं ते चाललं. मग एका जूनमध्ये मंगल आली. निलंग्याकडच्या शाळेत ती इंग्रजी शिकवते. मुलीला माझ्याकडे घालायला आली होती. भिंतीवरचं पत्रक बघत उभी राहिली. बोटानं एकेकाला ओळखत गेली, हसली, आणि सहज म्हणाली, "सर, ह्यात आमचे सर कुठं हायत?" टोमणा नव्हता. ती खरंच शोधत होती.

त्याच आठवड्यात मी रेणापूरला गेलो. सर गावी राहत होते, ऐंशी ओलांडलेले, ओसरीवर खाटेवर बसलेले. मी सगळं सांगितलं. लाल रेघ, यादी, पत्रक, नांदेड. मधे थांबलो नाही, थांबलो असतो तर उठून आलो असतो. सर डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोपले.

"यादी लई चांगली होती बघा तुमची," ते म्हणाले.

मला कळेना.

"मास्तर, त्या टायमाला सगळी पोरं तुमच्याकडं होती. माझ्या वर्गात यायचं कोणी? घंटा झाली की मागच्या दारानं क्लासला. सलग वर्षभर शिकवायला म्हणून मला पोरं मिळाली ती तुमच्यामुळं. अन् निवडली पण काय! एक नाव फुकट गेलं न्हाई."

ते हसत होते. मला रडू आलं, ते त्यांनी बघितलं आणि आवाज बदलला. "पण हे मला सांगून काय उपयोग? मला ठाऊकच होतं. ज्यांला ठाऊक न्हाई त्यांला सांगा."

सोमवारी सकाळी मी वर्गात पोरांसमोर ते चौकटीतलं पत्रक घेऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. मंगलची मुलगी तिसऱ्या बाकावर होती. मला वाटलं, आता एकेक उठून जाईल. मग पहिल्या बाकावरची अर्धापूरची एक पोरगी, बाप केळीचा बागायतदार, बोलायला फटकळ, हात वर न करताच म्हणाली, "मग सर, आमाला त्यांच्याकडंच का न्हाई नेत?" वर्ग खो-खो हसला. मंगलची मुलगी सगळ्यात मोठ्यानं.

पुढच्या रविवारी बस केली. रेणापूरला पोचलो तर सरांच्या सूनबाई दारातच म्हणाल्या, "पहाटपासून तीनदा विचारलं, गाडी आली का म्हणून. इस्त्रीचा सदरा घालून बसलेत." अंगणात सतरंज्या अंथरलेल्या होत्या. सरांनी थरथरत्या अक्षरात एक इंग्रजी उतारा लिहून त्याच्या प्रती काढवून घेतल्या होत्या, चाळीसच्या वर. खाटेवरून उतरून ते पोरांच्या मधोमध खुर्चीत बसले, पोरांच्या तोंडांवरून नजर फिरवली, आणि त्या माणसाचं वय वीस वर्षांनी खाली आलेलं मी पाहिलं.

मी भिंतीला टेकून, हाताची घडी घालून, आयोजकासारखा उभा होतो. सरांनी प्रती वाटता वाटता एक माझ्याकडे धरली.

"मास्तर, तिथं उभं राहून काय करून राहिले? बसा खाली. वाचा."

मी सतरंजीवर बसलो. अर्धापूरच्या पोरीनं दप्तर सरकवून मला जागा केली, आणि सर ऐकणार नाहीत अशा आवाजात म्हणाली, "सर, काही अडलं तर विचारा हां."