तिसऱ्या मिशनातला टेम्पो

आमच्या सेंटरवर दोन गोष्टी रोज साचतात. धूळ अन् किस्से. धूळ झाडायचं काम माझं हाय, म्हणून ती तशीच ऱ्हाती. किस्से मातर आपले आपणच बस स्टँडपर्यंत उडत जातात अन् वापस येताना लय मोठे होऊन येतात. परवा एक जण मलाच माझा किस्सा सांगायला लागला, अन् त्याच्यात मी मेलो व्हतो! तवा म्हणलं, आता आपणच सांगून टाकू.

सेंटर म्हंजी ताडकळसला माझ्या मामाचं ऑनलाइन सेंटर. एक कम्पुटर, एक प्रिंटर, एक टेबल फॅन. फॅनचं तोंड कायम मामाकडं. मी दहावीला गणितात उडालो तवा मायनं मला मामाच्या हवाली केलं. मामानं पहिल्याच दिवशी बजावलं, "भाच्या, एकाबी कस्टमरची तक्रार आली की खुर्ची बंद. डायरेक्ट रानात, कापूस येचायला!"

कापूस येचून बघा एकदा. कंबर तुमची ऱ्हात न्हाई, बोटं तुमची ऱ्हात न्हाईत. म्हणून मला ती खुर्ची लय प्यारी. अन् नेमकं तवाच शिवानं पेनड्राइव्ह आणला.

शिवा माझा दोस्त. त्याचा दादा पुण्याला ऱ्हातो, त्यानं एक जुनी गेम दिली व्हती. आमच्या जन्माच्याबी आदीची. आपण एका यानात बसायचं, चहूकडं काळं आभाळ, चांदण्या, अन् समोरून शत्रूची यानं गोळ्या झाडत येतात. दोन मिशनं सोपी. तिसऱ्यात मालानं भरलेलं एक ढब्बं यान वाचवायचं. आमी त्याला टेम्पो म्हणायचो. तो टेम्पो आमच्याकडून कदीच वाचला न्हाई.

*

पहिल्या दिवशी तर गेम सुरू झाली अन् संपली. खुर्ची पुढं वढूस्तोवर मी मेलेलो! परत लावली. परत मेलो. डोळ्याची पापणी लवायच्या आत टेम्पो गेला, मी गेलो, शत्रू आपल्या घरी गेले.

"तुला येतच न्हाई," शिवा म्हणला.

"अरे कम्पुटर लय फास्ट हाय," म्या म्हणलं. "जुन्या गेमला एवढी पळायची सवय न्हाई."

कोणाला पटंना. मंग शिवानं दादाला फोन लावला. दादा म्हणला, बरोबर हाय, जुनी गेम नव्या मशीनवर सुसाट पळती, तिला हळू करायचं एक सॉफ्टवेअर येतं. ते टाकलं. माझी छाती फुगली. आता बघा म्हणलं गंमत!

आता फरक एवढाच पडला, की मी मरताना सगळ्यांना नीट दिसायला लागलं.

*

मंग परभणीहून सेकंडहँड कंट्रोलर आणला. त्याच्यावर अंगठ्यानं हालवायचा बारका दांडा असतो. आमचा दांडा झिजलेला. हात न लावता यान डावीकडं वळायचं. म्हणून मी खेळताना उजवीकडं झुकायचो. त्यानं काई होत न्हाई हे मलाबी कळतं, पण अंग ऐकत न्हाई. माझं बघून बाकड्यावरचा शिवा झुकायचा. शिवाचं बघून बाळ्या झुकायचा. बाळ्या म्हंजी आमचा तिसरा, बापाचं ट्रॅक्टर चालवतो.

एकदा एक काका झेरॉक्स काढायला आले. दारात उभे ऱ्हाऊन आमच्या तिघांकडं बघायले. मंग छताकडं बघितलं. मंग तेबी उजवीकडं सरकले अन् हळूच इचारलं, "कुठून गळायलंय रे?"

*

त्या गेमात आणखी एक उलटं हाय. दांडा मागं वढला की यान वर जातं. बाळ्याला हे एका झटक्यात जमलं. "आपल्या ट्रॅक्टरचा नांगर असाच उचलतेत, लेका!"

मला शिकायला लय दिवस लागले. पण शिकलो ते असं शिकलो, की अंगातच गेलं.

एकदा बाळ्याची मोटरसायकल घेऊन रानातून येत व्हतो. वळणावर म्हैस. रस्त्यात आडवी, निवांत. आता शहाण्या माणसानं ब्रेक दाबला असता. म्या यान वर घ्यायला हँडल जीव खाऊन मागं वढलं! हँडल मागं वढलं की मूठ पिळती, मूठ पिळली की गाडी पिसाळती. म्हशीनं शहाणपणा केला, ती उठली. मी कडब्याच्या गंजीत डोक्यासकट गेलो.

बाळ्या पळत आला. पाय धरून मला बाहेर वढलं, वरून खालपर्यंत बघितलं अन् म्हणला, "टेकऑफ बरा व्हता. लँडिंगवर मेहनत घे."

*

गेमात आपल्या सोबतीला आपल्याच बाजूचे दोन पायलट असतात. लांबून सगळीच यानं सारखी दिसतात. म्या एक पाडलं अन् टाळी मागायला हात वर केला.

"आपला व्हता तो!" शिवा वरडला.

दुसरं पाडलं. "तोबी आपलाच व्हता, भाड्या!"

मंग गेमनंच मला गद्दार ठरवलं. शत्रू बाजूला उभे ऱ्हायले अन् आपल्याच माणसांनी मला उडवलं.

बाळ्या म्हणला, "कामून तोंड पाडलंस? घरीबी तुझं असंच हाय की."

*

अन् बटनं! त्या काळच्या गेमला अख्खा कीबोर्ड लागतो. एक बटन गोळीचं, एक ढालीचं, एक पळून जायचं. माझ्या ध्यानात काई ऱ्हात न्हाई हे गणिताच्या पेपरातच सिद्ध झालेलं. म्हणून म्या बटनांवर कागदाचे तुकडे चिटकवले. "गोळी", "ढाल", "पळ", "उडी मार".

संध्याकाळी काढायचे इसरलो. सकाळी मामा एका बाईचं आधारचं काम करायला बसला. बोट वर, नजर खाली, अन् अक्षरच सापडंना. ती बाई वाकून वाचायली, "पळ... उडी मार..." मंग तिनं मामाकडं बघितलं अन् पिशवी उचलली. "भाऊ, काई लफडं असंल तर मी उद्या येते."

मामा मला म्हणला, "ती तक्रार करून गेली न्हाई म्हणून वाचलास. ही शेवटची वार्निंग. घरी सांगून ठेव, कापसाची झोळी धुऊन ठेवा म्हणावं."

*

दिवाळी झाली अन् दोन गोष्टी संगंच आल्या. रानात कापूस फुटला, अन् सेंटरवर पेन्शनवाल्यांची लाइन लागली. त्यांना वर्षातून एकदा आपण जित्ते हाव म्हणून मशीनवर अंगठा द्यावा लागतो.

लाइनीत पहिले आमचे गुरुजी. इंग्रजी शिकवायचे. मला त्यांनी बाकड्यावर जेवढं उभं केलं, तेवढा मी बसलोबी नसंल. मामा चहाला गेला व्हता तवा म्या शिवा-बाळ्यासंगं गेम लावलेली. मामा दिसला तशी झटक्यात खाली दडवली. पण जुन्या गेमला थांबणं म्हायती न्हाई. दडवली तरी मागं ती चालूच ऱ्हाती, अन् मागं मला कोणीतरी मारायलंच असतं.

गुरुजी खुर्चीत बसले. चष्मा पुसला. अंगठा मशीनवर ठेवणार, तेवढ्यात भोंगा वाजला, अख्खा पडदा लाल झाला, अन् ही मोठाली इंग्रजी अक्षरं वर आली.

गुरुजींनी खणखणीत आवाजात वाचलं, "यू. आर. डेड."

लाइनीतले सगळे टाचा वर करून पडद्याकडं बघायले.

"म्हंजी काय वं?" मागून एका आजोबांनी इचारलं.

"मी मेलो, असं म्हणतंय हे," गुरुजी म्हणले अन् अंगठा खिशात घातला.

मामा माझ्याकडं वळला. "ऊठ. उद्यापासून रानात!"

"तो कुठंच जाणार न्हाई," गुरुजी म्हणले. "ह्यानं मला मारलंय, ह्यानंच जित्तं करावं. तवर मी अंगठा देत न्हाई."

"गुरुजी, ती गेम हाय हो!"

"गेम असंल. पण इंग्रजीत लिवलंय ना!"

लाइनीतले सगळे माना हालवायले. "आमीबी न्हाई देत. असलं अभद्र ऐकून कोण अंगठा देईल?"

मामानं लाइन बघितली. मला बघितलं. दात खाऊन म्हणला, "खेळ!"

म्या खेळलो. मेलो. "परत," गुरुजी म्हणले. परत मेलो. "परत." शाळेतबी असंच करायचे. हात घामानं निसटायले. मामाला ऱ्हावंना. त्यानं खुर्ची वढली, कीबोर्ड घेतला. "ढाल कोणती रे? तो कागद कामून काढलास, गाढवा!"

"तुमीच काढला, मामा!"

"बरं, दाव!"

मामा ढालीवर, बाळ्या गोळीवर, दांड्यावर मी. शिवा पडद्याला नाक लावून वरडायलाय, "आपला हाय! आपला हाय! हा न्हाई, हा मार!" यान डावीकडं वढायलंय. मी उजवीकडं झुकलो. मामा झुकला. गुरुजी झुकले. अख्खी लाइन काठ्या टेकून उजवीकडं झुकली.

अन् टेम्पो निघून गेला! सहीसलामत! पडदा हिरवा झाला, जितल्याची इंग्रजी अक्षरं वर आली.

गुरुजींनी खाली वाकून एक-एक शब्द वाचला, दोनदा वाचला. मंग खिशातून अंगठा काढून मशीनवर ठेवला. मशीन टिंग वाजलं. "झालं," गुरुजी म्हणले अन् काठी घेऊन निघाले. जाताना माझ्या डोक्यात एक टपली.

मामानं घाम पुसला. "चला, पुढचं कोण?"

पुढचे आजोबा खुर्चीत बसले. पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, अन् अंगठा मुठीत दाबून धरला.

"आदी माझ्या नावानं जितून दाव."

त्यांच्या मागं लाइन पार रस्त्यापर्यंत गेलेली.

मामा उठला, अन् फॅनचं तोंड माझ्याकडं फिरवलं.