एका कोयत्याची दोन हृदयं

सावेडीतल्या एका हॉस्पिटलात मी हृदयाची सोनोग्राफी करते. लोक तिला इको म्हणतात आणि मला ज्योतिषीण समजतात. "म्याडम, किती दिवस हायेत?" हे दिवसातून चार-पाचदा ऐकून कान किटलेत. वैताग असा की पडद्यावर हृदय किती जोरानं रक्त ढकलतंय ते दिसलं की थोडंफार भविष्य खरंच कळतं.

गेल्या दसऱ्याच्या सुमारास पाथर्डीकडचं एक ऊसतोड जोडपं आलं. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजतात. तो तोडतो, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. नवऱ्याच्या छातीत दुखत होतं. इको केला, हृदय ठणठणीत होतं. नुसतं पित्त. तो उठून बायकोला म्हणाला, "चल, कोयता चांगला हाय." एकाचं बघितलं म्हणजे दोघांचं झालं, असा त्याचा समज.

ती दाराशी पिशवी धरून बसली होती. नुसतं उठताना तिला धाप लागली. सुजलेल्या पायावर चपलेच्या पट्ट्याचा खोल वळ होता. माझी जेवायची वेळ टळून गेली होती, बाहेर रांग होती. चिडूनच म्हटलं, "ताई, तुम्ही झोपा टेबलावर."

"मला काय धाड भरलीय?" ती हसली.

तिचं हृदय फुगलं होतं. ठोके पडत होते, पण त्यात जोर नव्हता. औषधं आणि विश्रांती मिळाली तर ते सावरण्यासारखं होतं, फडात राबवलं तर नाही. इतकं स्वच्छ भविष्य मला क्वचित दिसतं.

ती पडद्याआड अंगावरचं जेल पुसत होती, तेवढ्यात मी नवऱ्याला बाहेर नेऊन सगळं सांगितलं. आमच्याकडची रीतच ती. पुरुषाचा रिपोर्ट पुरुषाला, बाईचाही पुरुषालाच. "व्हय म्याडम, न्हाई नेत तिला," तो म्हणाला. मी पुढच्या पेशंटला हाक मारली.

माघात ती परत आली, श्रीगोंद्याच्या फडातून थेट, व्हीलचेअरवर. ओठ निळसर पडले होते. नवरा मान खाली घालून पुटपुटला, "मुकादमाला जोडीचा शब्द दिलता, म्याडम."

मी इको केला. आणि राग काढला तो तिच्यावरच. "नको म्हटलं असताना गेलात कशाला?"

"मला कुनी सांगितलं? हे म्हनले, अशक्तपना हाय, गोळ्या खा. तुमी तर माझ्याशी बोललाच न्हाई."

धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. इतकी वर्षं बायकांची हृदयं बघतेय मी, आणि स्वतः बाई असून सांगतेय मात्र पुरुषालाच.

"आता तरी मला सांगा," ती म्हणाली. "किती दिवस हायेत?"

नवऱ्याला बाहेर थांबायला सांगून मी स्टूल तिच्याजवळ ओढलं. दसऱ्याला तिला सांगण्यासारखं पुष्कळ होतं. आता फारसं उरलं नव्हतं.