कुरियामा-सानांचा उलटा हात

गुडघ्यांनी दगा दिल्यावर कुरियामा-सान लाकडी चौथऱ्यावरून उतरले आणि कवायतीच्या रांगेत, नेमके माझ्या डाव्या हाताला उभे राहिले. तिथून माझ्या खांद्याचे हाल सुरू झाले.

सकाळी देवळाच्या पटांगणात रेडिओवर पियानो वाजतो आणि आमची सगळी आळी हातपाय हलवते. चौथऱ्यावरच्याने लोकांकडे तोंड करून सगळं उलट करायचं, म्हणजे समोरच्यांना आरशात बघितल्यासारखं सोपं जातं. कुरियामा-सानांनी अर्धं आयुष्य हेच केलं. आता रांग डावीकडे वाकली की हे उजवीकडे, थेट माझ्यावर.

"अहो, डावीकडे! टोफूचं दुकान सोडून मी मार खायला येते का इथे?"

"कळतंय हो, इसोबे-सान." ते भांबावून स्वतःच्या हातांकडे बघत. "मी डावीकडेच सांगतो. पण हे मला विचारायला थांबतच नाहीत."

म्हातारा मुद्दाम करतोय, असंच मला वाटे. मग मीच हट्टाला पेटले. रोज दुपारी त्यांना दुकानामागे उभं करायचं, पियानो तोंडाने म्हणायचा, हात धरून वळवायचा. विचार करून केलं की पाय अडकायचे. विचार सोडला की स्वारी उजवीकडे. मधेच चुकलं तर तिथून पुढे जाता येईना, पुन्हा पहिल्यापासून. नेमकं काय बिघडलंय तेच मला उमगेना.

थंडी पडायला लागली तेव्हा एका सकाळी ते रांगेबरोबर डावीकडे वाकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तर फुशारून गेले.

दुपारी ते दुकानात आले, चेहरा उतरलेला. त्यांची बायको, नोए, हल्ली कुणालाच ओळखत नाही.

"घरी मी तिच्यासमोर कवायत करतो," ते म्हणाले. "नावं गेली, पण माझ्याकडे बघून तिचे हात बरोबर येतात. आज मी डावीकडे वाकलो. तिचा हात अर्ध्यातच राहिला. म्हणाली, आपण कोण?"

"मग पूर्वीसारखं करा की."

"करून बघितलं. आता तेही येत नाही."

मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या सकाळी रांग डावीकडे वाकली. ते अडखळले, डावीकडे निघाले, थबकले आणि सपकन उजवीकडे, माझ्या खांद्यावर.

"आलं?" मी विचारलं.

"आलं," ते म्हणाले, आणि कवायत अर्धी टाकून घराकडे निघाले.