एका बोटाची जागा

दूध गॅसवर, डबा अर्धा भरलेला, आणि आमचे हे न्हाणीघरातून टॉवेल मागत होते, तेवढ्यात दार वाजलं. उघडलं तर खालचे मास्तर. हातात कापड कापायची मोठी कातर. मास्तर कधी जिना चढत नसत. वर यायच्या त्या मास्तरीणबाई, आणि त्यांना जाऊन दोन महिने होत आले होते.

"वहिनी, जरा खाली येता? लेक आलीय. माझं सामान बांधायला घेतलंय तिनं."

टॉवेल तसाच राहिला.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर त्यांचं शिवणाचं दुकान. पुढं दुकान, मागं घर, मधे पडदा. बायकांची मापं मास्तरीणबाई पडद्याआड घेत आणि आकडे मोठ्यानं सांगत. मास्तर पुढच्या टेबलावर खडूनं आखून कापत. दोघांचं दिवसभराचं बोलणं बहुतेक आकड्यांतच.

"छत्तीस."

"छत्तीस?"

"छत्तीसच. कान कुठे ठेवलेत?"

त्या गेल्यावर मापंही मास्तरच घेऊ लागले आणि शिवतील ते घट्ट होऊ लागलं. बँकेतल्या बाईंना नवा कोट अंगातून काढायला नवऱ्याची मदत घ्यावी लागली, हे साऱ्या गल्लीला कळलं. गिऱ्हाइकं पांगली. काल लेकीचा स्वतःचा कोटही पाठीत आवळला.

खाली गेले तर ती हाताची घडी घालून उभी होती. टेबलावर त्या कोटाच्याच रंगाचं दुसरं कापड.

"काकू, तुम्हीच सांगा. बाबांची नजर गेलीय, हात गेलेत. माझ्याकडे चला म्हटलं तर ऐकत नाहीत."

"नजर गेली असती तर तुझं नाक मुरडणं दिसलं नसतं," मास्तर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "हिचा हा कोट शेवटचा, असं ठरलंय. बिघडला तर कुलूप लावून हिच्यामागं जायचं. मी कुठं चुकतो ते मला दिसत नाही. तुम्ही फक्त बघा."

त्यांनी माप घेतलं. लेकीनं टेप पुन्हा लावून पाहिली. बरोबर होतं. त्यांनी कापडावर खूण केली, रेघ ओढली आणि कातर उघडली. मी पुढं झाले.

"थांबा मास्तर. खूण इथं आहे. रेघ आत का?"

ते वाकले. खूण आणि रेघ यांच्यामधे बोट ठेवून पाहिलं.

"मी नेहमीच आत घेतो," ते हळू म्हणाले. "हिच्या आईची मापं सैल असायची. किती वेळा सांगणार? म्हणून आपलं गुपचूप आत घ्यायचो."

मला मास्तरीणबाईंचा थंड हात आठवला. माप घेताना त्या टेपखाली स्वतःचं एक बोट सरकवायच्या आणि पडद्याकडे बघत कुजबुजायच्या, "आमचे हे फार आवळतात हो. श्वास घ्यायला जागा नको?"

मी ते सांगितलं. मास्तर टेबलाचा काठ धरून उभे राहिले. एवढ्या वर्षांच्या संसारात दोघं एकमेकांची चूक न बोलता सावरत आले होते, आणि कपडे मात्र अगदी बेतशीर बसत होते.

"मग आता आत घेऊ नका," लेक म्हणाली. "झालं."

त्यांनी रेघ झटकली. नवी ओढली, अगदी सावकाश, ओठ दाबून. ती आतच गेली. पुन्हा झटकली, पुन्हा ओढली. पुन्हा आत. लेकीच्या हातांची घडी कधीच सुटली होती. वरून दूध करपल्याचा वास आला, तरी मी हलले नाही.

मास्तरांनी खडू ठेवला. गळ्यातली टेप काढून माझ्यापुढं धरली.

"वहिनी, सकाळचं थोडा वेळ खाली येत जा. मापं तुम्ही घ्या. टेपखाली एक बोट ठेवून."