इंजिनाखालचं धोतर

त्या दिवशी वारा पश्चिमेचा होता. आभाळ स्वच्छ, ऊन कोवळं, माघातली सकाळ. तळ्यावर बारीक बारीक लाटा उठत होत्या आणि सगळ्या एकाच दिशेनं, पलीकडच्या धुण्याच्या दगडांकडं चालल्या होत्या. वाऱ्याचं आधी सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात त्याचाही हात होता. माझी चूक नव्हती असं मी म्हणत नाही.

बोटीवरच्या गोष्टी साठतात कशा, तर इंजिनातून काढलेल्या जुन्या तेलासारख्या. एका वेळी थोडंच निघतं. आपण ते डब्यात ओततो, डबा कोपऱ्यात ठेवतो आणि विसरतो. एक दिवस पाय लागतो तेव्हा कळतं, अरे, हा तर काठोकाठ भरलाय! माझा डबा तसा भरलाय. आता जरा ओततो. सांभाळून ओततो, घाबरू नका.

*

आमच्या शेठजींची एक लाकडी मोटरबोट होती. सोलापुराबाहेरच्या तळ्यात ती असायची. शेठजी रविवारी पाहुणे घेऊन यायचे, दोन चकरा मारायचे आणि काठावर बसून भाजलेला हुरडा खायचे. बोटीच्या पोटात एक छोटं डिझेल इंजिन होतं. ते सांभाळायला मी, आणि दोरी-वल्ही-साफसफाईला यल्लप्पा. यल्लप्पा घरचा विणकर, पण मागावर बसून पाय दुखतात म्हणून पाण्यावर आलेला.

इंजिनाचं तेल बदलायची पहिली वेळ आली तेव्हा शेठजींनी ट्रकवाला दस्तगीर मिस्त्री धाडला. माणूस हुशार. शहरातले निम्मे ट्रक त्याच्या हाताखालून गेलेले. आला, बाह्या सारल्या आणि सवयीनं पहिला प्रश्न विचारला, "नीचे का नट किधर है?"

ट्रकचं तेल खालनं काढतात. गॅरेजातल्या खड्ड्यावर ट्रक चढवायचा, खाली उतरून नट खोलायचा, पाटी धरायची, झालं. बोटीचं इंजिन मात्र पार तळाला टेकलेलं. मिस्त्रीनं उताणं झोपून हात घातला, पालथं झोपून घातला. शेवटी घामाघूम होऊन म्हणाला, "मामू, हात जातइच नै! ऐसा करो, इसको खड्डेपे चढाव. मैं नीचे उतरतूं."

यल्लप्पा गंभीरपणे म्हणाला, "उतरा की मिस्त्री. खाली पंधरा फूट पाणी हाय!"

दस्तगीर तसाच उठला, हात पुसले, चहा पिला आणि गेला. जाताना मात्र एक गोष्ट शिकवून गेला. "इंजिन थोडा गरम करो. गरम तेल पतला होता. फिर ऊपर से खींचो."

वरून ओढायचं कशानं, ते त्यानं सांगितलं नाही. मी दोन दिवस विचार केला. माझा विचार हळू चालतो. तिसऱ्या दिवशी घरातली रंगपंचमीची पितळी पिचकारी उचलली, तिच्या तोंडाला रबरी नळी बसवली आणि तेल बघायची सळई काढून त्या भोकातून नळी आत सोडली. ओढली. काळंभोर तेल आलं!

*

तर तो पश्चिमेच्या वाऱ्याचा दिवस. पिचकारीनं ओढून ओढून मी सगळं तेल डब्यात काढलं, डबा फळीवर ठेवला आणि नव्या तेलाचा डबा आणायला काठावर उतरलो. त्या डब्यावर मोठ्ठा आकडा होता, चाळीस. तेवढंच मला वाचता यायचं.

इकडं यल्लप्पा बोटीत चढला. बोट कलली. फळीवरचा डबा आडवा झाला आणि तेल तळाशी साठलेल्या पाण्यात गेलं. इथवरसुद्धा निभावलं असतं. पण वल्हवणारा माणूस जन्मभर एकच गोष्ट करत आलेला असतो. नावेत पाणी दिसलं, की उपसायचं. यल्लप्पानं डोकं चालवायच्या आत हात चालवले. मी वळून बघतो तर हा गाणं म्हणत वाटीनं पाणी तळ्यात फेकतोय!

"अरं, काय करतोस?"

"पाणी लई झालं होतं, मामा. काढलं की सगळं!"

पलीकडच्या दगडांवर नागनाथ परीट धूत होता. नागनाथ माझा शेजारी. त्याच्या माझ्या घराला मधली भिंत एकच. तो मला मारत्या म्हणायचा, मी त्याला नाग्या. एका लग्नघरची पांढरी धोतरं आणि फेटे त्यानं पाण्यात सोडले होते. वाऱ्यानं ते तेल हलकेच ढकलत तिकडं नेलं. उन्हात मोरपिसासारखं चमकत होतं. दिसायला लई सुंदर.

थोड्या वेळानं नागनाथ काठानं चालत आला. एक धोतर माझ्यासमोर दोन्ही हातांनी पसरलं. आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाला, "तुझं न् माझं पाणी एकच हाय."

ती सगळी धोतरं त्यानं तीन दिवस उकळली. डाग पुसट झाले, गेले नाहीत. लग्नघरात त्याला लोकांसमोर बोलणी खावी लागली. मी माफी मागायला त्याच्या दारात गेलो, यल्लप्पालाही नेलं. नागनाथनं ऐकून घेतलं, पाणी दिलं, पण तोंड उघडलं नाही. त्या दिवसापासून मारत्या म्हणून मला कुणी हाक मारली नाही. आई गेल्यावर तसं म्हणणारा तो एकटाच उरला होता.

*

मी एक केलं. माझं एक धोतर घेतलं, बायकोकडून धुऊन, खळ देऊन पांढरंशुभ्र करून घेतलं आणि तेल बदलताना इंजिनाखाली अंथरायला लागलो. एक थेंब पडला तरी दिसला पाहिजे. आणि त्या धोतरावर थेंब पडला नाही, की मग नागनाथकडं जायचं, असं मनाशी ठरवलं.

पहिल्या खेपेला बायकोनं धोतर झटकून बघितलं आणि म्हणाली, "काय हो, ह्यावर चांदण्या काढल्यात का?"

दुसऱ्या खेपेला म्हणाली, "आज आभाळ जरा कमी भरलंय."

तिचं आणि नागनाथच्या बायकोचं मात्र झकास चाललेलं. भिंतीवरून कोथिंबीर जायची, धोतरावरच्या थेंबांची बातमीही जायची, कालवण यायचं. मी एकदा म्हटलं, "आमचं बोलणं बंद हाय, ठावं न्हाय का?"

"तुमचं बंद असू द्या की," ती म्हणाली, "आमची चूल चालू हाय!"

*

पिचकारीचं सांगायचं राहिलं. मी ती रॉकेलनं धुऊन खुंटीला टांगायचो. एका रंगपंचमीला यल्लप्पानं ती न विचारता नेली. शेठजी पांढरा सदरा घालून आपल्या मिलच्या दारात उभे होते. यल्लप्पानं नमस्कार केला आणि सोडली! गुलाबी रंगाच्या मधोमध एक काळी रेघ, खांद्यापासून पार खिशापर्यंत.

शेठजींनी रेघेला बोट लावलं, वास घेतला. "यल्लप्पा, हा कुठला रंग?"

"चाळीस नंबर, शेठ!"

*

मग बहात्तर साल आलं. तळं आटलं. आधी कड दिसली, मग गाळ, मग गाळाला भेगा. बोट त्या भेगांवर एका कुशीवर पडली. नागनाथचे धुण्याचे दगड कोरडे, माझं इंजिन मुकं. दोघांचंही पाणी एकच म्हणाला होता ना, ते एकदमच गेलं.

आम्ही दोघंही कुंभारीच्या रस्त्याला दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलो. मुकादमानं शेजारी शेजारी बसवलं. त्याला काय ठाऊक! नागनाथ माझ्याशी बोलायचा नाही. पण काम करताना बोलल्याशिवाय भागत नाही, म्हणून तो आपल्या हातोडीशी बोलायचा.

"हातोडे, शेजाऱ्याला म्हणावं जरा सरक. कपच्या उडत्यात."

मी हातोडीकडं बघून म्हणायचो, "सरकलो."

मला एकदा ताप आला. दोन दिवस गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो तर माझा खडीचा ढीग जसाच्या तसा असायला हवा होता, तो चांगला गुडघाभर वाढलेला. मी विचारलं, "हे कुणी केलं?"

नागनाथ खाली मान घालून ठोकत होता. म्हणाला, "हातोडे, त्याला सांग. वाऱ्यानं तेल जातंय, तर खडी येत न्हाय व्हय?"

त्याच उन्हाळ्यात एका सुट्टीला मी तळ्यात चालत गेलो आणि बोटीचं तेल बदललं. न चालणाऱ्या इंजिनात जुनं तेल राहिलं, की ते इंजिनाला आतून खातं. थंडाव्याला तळ्याचं पाणी नव्हतं, म्हणून बादलीनं पाणी घालत इंजिन थोडं चालवून जरा गरम केलं आणि खाली धोतर अंथरलं. रस्त्यानं जाणारे लोक थांबून हसायला लागले.

"मामा, आता सांडलं तर काय बिघडलं? तळं कुटं हाय?"

मी म्हटलं, "यील की."

लोक हसत गेले. मागं एकजण थांबला होता. तो हसला नाही. मी मान वर केली तोवर नागनाथ वाटेला लागला होता. त्या खेपेला धोतरावर दोन थेंब होते.

*

तळं भरलं. बोट पुन्हा तरंगली. एकदा शेठजींकडं पुण्याचे एक इंजिनियर आले. इंजिनाचा आवाज ऐकून खूश झाले. मला म्हणाले, "तेल कधी बदलायचं ते कसं ठरवता?"

"बोटांत चोळतो. वास घेतो. मग कळतं."

"कुठं शिकलात हे?"

"धोतरावर, साहेब."

त्यांनी शेठजींकडं बघितलं. शेठजी म्हणाले, "ते मोठं कॉलेज आहे. तुम्ही हुरडा घ्या."

*

पुढं माझ्या डोळ्यांत पडदा आला. सळईवरची तेलाची खूण दिसेना. यल्लप्पा वाचून सांगायचा. शेठजी थकले, त्यांच्या मुलांना बोटीची आवड नाही. बोट दुसऱ्या गावी द्यायची ठरली. मी म्हटलं, जाताना तेल बदलून देतो. लेकीला सासरी धाडताना न्हाऊ घालतात, तसं.

त्या सकाळी वाऱ्याचं नाव नव्हतं. पाणी ताटातल्या दुधासारखं. यल्लप्पा डिझेल आणायला गेलेला. मी इंजिन गरम केलं, बंद केलं, धोतर अंथरलं आणि हातांच्या भरवशावर सुरुवात केली. पिचकारी ओढायची, बोटानं नळीचं तोंड दाबायचं, डब्याच्या आत नेऊन मगच सोडायचं. घाई नाही. काळं सगळं निघालं. चाळीस नंबरचं नवं ओतलं. हाताला आठवतं किती ते. सळई घातली, काढली, चाचपली. बरोबर.

राहिलं धोतर. वाकून बघितलं तर नुसतं पांढरं धुकं. थेंब असेल, नसेल. बोट फिरवून बघावं, तर माझीच बोटं तेलकट.

तेवढ्यात बोट कलली. मी डबा दोन्ही हातांनी धरला. कुणीतरी आत आलं होतं, जपून, एक पाय टेकून मग दुसरा. मी विचारलं, "यल्लप्पा?"

धुण्याच्या सोड्याचा वास आला. मग मी काही विचारलं नाही.

माझ्या पायाशी धोतर सरकलं. ते उचललं गेलं. झटकल्याचा आवाज आला. उन्हात धरलं असावं, कारण माझ्या तोंडावर सावली पडली. मग उलटं केलं, पुन्हा धरलं. एक टोक, दुसरं टोक, मधला भाग. लई वेळ लावला. मी डबा तसाच धरून बसलो होतो.

मग नागनाथ म्हणाला, "मारत्या, हे धुवाय टाकू नगंस. नुसती घडी घालून ठिव."