पहिल्या हाकेला ओ

हिंगोलीहून परभणीला निघालेल्या एसटीत माझ्या शेजारी बांगड्या विकणाऱ्या एक मावशी बसल्या होत्या. मांडीवर बांगड्यांची पेटी, पेटीवर मोबाईल आणि मोबाईलमध्ये ओसाड दवाखान्यातल्या भुतापासून जीव वाचवायचा गेम!

"भाऊ, बॅटरी विझून राहिली, बंदुकीत गोळ्या दोनच. मजा त्याच्यातच हाय!" पाय सीटवर घेत त्या म्हणाल्या. भूत दिसलं की त्या चटकन मोबाईलवर पदर टाकत, म्हणजे भुताला आपण दिसायला नको. मीही मान लांब करून बघायला लागलो.

इतक्यात गेममधल्या अंधारातून कुणीतरी हाक मारली आणि उत्तर देण्याचं बटण चमकलं.

"दाबा ना, मावशी!" मी ओरडलोच.

"काहून दाबू? अंधारात पहिल्या हाकेला ओ देत न्हाईत. माणूस असंल तर तीनदा हाक मारंल. भूत एकदाच मारतं."

पण गेम दुसरी हाक मारेचना, आणि उत्तर दिल्याशिवाय पुढचं दार उघडेना.

"आठ दिवस झाले, इथंच अडकून बसले. गेम झकास हाय, पण बनवणाऱ्याला त्याच्या मायनं काहीच शिकवलेलं दिसत न्हाई!"

जवळा बाजारला त्या पेटी उचलून उतरल्या. जेवणाचा डबा सीटवरच राहिला. मी खिडकीतून हाक मारली, "मावशी!" त्यांनी वळूनही पाहिलं नाही. पुन्हा हाक मारली, तरी नाही. कंडक्टरनं घंटी वाजवली, तसा मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "ओ मावशी!"

भर उन्हात त्या गर्रकन वळल्या आणि खळखळून हसल्या.

"ओ भाऊ! माणूसच हाय म्हना तुमी!"